आई किंवा बाबा तुरुंगात असताना मुलाला कसं सांभाळायचं : ठाणे-नवी मुंबईतल्या घरांसाठी

घरातल्या कर्त्या माणसाला अटक झाली की सगळं घर त्याच्यामागे धावायला लागतं. पोलीस ठाणं, वकील, जामीनदाराचा शोध, कोर्ट नाक्यावरच्या तारखा, कारागृहाच्या गेटबाहेरची रांग. पैसे त्याच्यासाठी जमवले जातात, कामावरच्या सुट्ट्या त्याच्यासाठी टाकल्या जातात. घरातलं आठ वर्षांचं पोर त्या दिवसांत शेजारच्या काकूंकडे जेवतं, मोठ्यांची कुजबुज ऐकतं, आणि दोन-चार दिवसांनी गल्लीतलाच कुणीतरी मुलगा त्याला सांगतो, "तुझा बाप आत गेलाय."

हा लेख त्या पोराजवळ राहिलेल्या माणसांसाठी आहे. मागे राहिलेली आई किंवा बाबा, आजी-आजोबा, मावशी, आत्या, मामा, वर्गशिक्षिका. आपल्याकडच्या घरांचा संबंध बहुतेक वेळा ठाणे मध्यवर्ती, कल्याणचं आधारवाडी, तळोजा आणि बाईला अटक झाली असेल तर भायखळा, या कारागृहांशी येतो. कामं पुष्कळ असतात, पण माझ्या मते एक काम सगळ्यांच्या आधी येतं : मुलाला खरं सांगणं, आणि ते घरच्या माणसाने सांगणं. मुलाशी खोटं बोलून पुढे केलेली प्रत्येक मदत कुठेतरी अडते. भेटीला नेता येत नाही, शाळेशी मोकळेपणाने बोलता येत नाही, रडणाऱ्या मुलाला जवळ घेऊन काय सांगायचं तेही कळत नाही.

पहिले दोन दिवस

आधी एक माणूस ठरवा. मुलाला उठवणारा, शाळेत सोडणारा, रात्री शेजारी झोपणारा. आज मावशी, उद्या काका, परवा शेजारी असं फिरवू नका. शक्य असेल तर मूल त्याच घरात आणि त्याच शाळेत राहू द्या, आणि भावंडांची ताटातूट करू नका. मुलगी आजीकडे सिन्नरला आणि मुलगा काकाकडे दिव्याला, अशी वाटणी घरातल्या अडचणीमुळे होते हे मला माहीत आहे, पण आई किंवा बाप गेल्यावर मुलांना उरलेला सगळ्यात मोठा आधार एकमेकांचाच असतो.

अटक झालेल्या आईने किंवा बापाने मूल कोणाकडे ठेवायचं हे पोलिसांना स्पष्ट सांगावं, आणि पहिल्या रिमांडच्या वेळी वकिलामार्फत न्यायालयासमोरही मांडावं. पुढे नातेवाइकांत ओढाताण झाली तर याचा उपयोग होतो. दोघंही आई-बाप अटकेत असतील आणि घेणारं कुणीच नसेल, तर मुलाला २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर हजर करावं लागतं, असं बाल न्याय अधिनियम २०१५ सांगतो.

इथे एका भीतीबद्दल बोलायला हवं. वस्तीत सर्रास म्हटलं जातं की १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला की मुलं उचलून बालगृहात टाकतात. कायद्याची दिशा याच्या उलट आहे. संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय, आणि कुटुंबात किंवा नात्यात सांभाळ होत असेल तर तोच आधी बघायचा, हे तत्त्व त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. आजी मुलाला नीट सांभाळत असेल तर तिने समितीपुढे जायला घाबरू नये. उलट समितीच्या आदेशामुळे तिच्या सांभाळाला कागद मिळतो, आणि पुढच्या आर्थिक मदतीची वाटही तिथूनच जाते.

खरं कसं सांगायचं

"बाबा दुबईला गेलेत." "बाबा गावी गेलेत." "बाबा हॉस्पिटलात आहेत." आपल्याकडे ही तीन उत्तरं ठरलेली. दुबईहून व्हिडिओ कॉल का येत नाही, असं मूल विचारतं. गावी गेलेत तर आजी फोन देत का नाही, असं विचारतं. हॉस्पिटल म्हटलं की ते मनातल्या मनात बापाच्या मरणाची तयारी करायला लागतं. मग एक दिवस खरं कळतं, आणि त्या दिवसापासून तुमच्या "मी संध्याकाळी येते हं" या साध्या वाक्यावरही त्याचा भरवसा राहत नाही.

सांगायचं ते मुलाच्या सगळ्यात जवळच्या माणसाने. वेळ दिवसाची हवी. झोपताना नको, परीक्षेच्या सकाळी नको. समोर बसवून सांगण्यापेक्षा चालता चालता सांगणं काही मुलांना सोपं जातं. तलावपाळीला एक फेरी मारताना किंवा शाळेतून परत येताना मूल तोंडाकडे न बघता प्रश्न विचारू शकतं.

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला चार वाक्यं पुरतात : "बाबा एका मोठ्या इमारतीत आहेत. तिथून त्यांना आत्ता घरी येता येत नाही. त्यांना तिथे जेवण मिळतं, झोपायला जागा आहे. तुझ्याजवळ मी आहे, मी कुठे जाणार नाही." हीच वाक्यं त्याच शब्दांत पुन्हा पुन्हा सांगावी लागतील. रोज तोच प्रश्न येईल. कंटाळू नका. या वयाचं मूल उत्तर तपासत नसतं, तुम्ही अजून आहात ना एवढं ते तपासत असतं.

सहा ते अकरा वर्षांच्या मुलाला 'पोलीस', 'तुरुंग', 'कोर्ट' हे शब्द सरळ वापरून सांगा : "बाबांना पोलिसांनी पकडलंय. त्यांनी कायदा मोडला असं पोलिसांचं म्हणणं आहे. खरं काय ते कोर्टात ठरेल. त्याला वेळ लागतो. तोवर बाबा तळोज्याच्या तुरुंगात राहणार." खटला सुरू असेल तर 'बाबांनी केलंच' असंही म्हणू नका आणि 'बाबांना अडकवलंय' असंही शपथेवर सांगू नका. उद्या निकाल उलटा लागला तर मुलाच्या मनात एकतर बाप खोटा ठरतो नाहीतर तुम्ही. शिक्षा झालेली असेल तर गुन्ह्याचं नाव मुलाच्या वयाला पेलेल इतपत सांगा : "बाबांनी दुसऱ्याचे पैसे घेतले", "भांडणात एका माणसाला खूप मारलं". बारकावे नकोत.

बारा वर्षांपुढची मुलं तुमच्याआधी मोबाइलवर बातमी वाचून मोकळी झालेली असतात. त्यांच्याशी बोलताना सुरुवात प्रश्नाने करा : "तुला काय काय कळलंय?" त्यांनी वाचलेलं चुकीचं असेल तर दुरुस्त करा, बरोबर असेल तर हो म्हणा. त्यांना बापाचा राग येऊ शकतो, लाज वाटू शकते, आणि त्याच वेळी आठवणही येऊ शकते. "बापाबद्दल असं बोलतात का?" म्हणून गप्प बसवलं तर ती बोलणं बंद करतील आणि घराबाहेर बोलायला माणसं शोधतील. ती माणसं कशी असतील याची खात्री कुणी द्यावी?

वय कुठलंही असो, तीन प्रश्न मुलाच्या मनात असतातच, तोंडाने विचारले नाहीत तरी. हे माझ्यामुळे झालं का? आता माझ्याकडे कोण बघणार? आणि तूही जाशील का? पहिल्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्या. "मी त्या दिवशी बाबांशी भांडलो म्हणून पोलीस आले", "मी सायकल मागितली म्हणून बाबांनी चोरी केली" असे हिशेब मुलं आत मांडत बसतात. म्हणून विचारण्याची वाट न बघता सांगून टाका : "यात तुझं काहीही चुकलेलं नाही."

तारखेचं आश्वासन देऊ नका. "गणपतीपर्यंत येतील", "दिवाळी आपण सगळे मिळून करू" हे आपण धीर द्यायला म्हणतो, मूल ते दिवस मोजायला घेतं. जामीन फेटाळला की ती दिवाळी त्याच्या कायम लक्षात राहते. "कधी येतील ते मला अजून माहीत नाही, कळलं की आधी तुला सांगेन" हे वाक्य ऐकायला कठीण आहे, पण ते टिकतं.

बाहेर कुणी विचारलं तर काय बोलायचं, तेही मुलासोबत बसून ठरवा. गणपतीला कोकणात गेल्यावर भावकीतली माणसं हमखास विचारतात, "बाबा नाही आले?" मुलाकडे तयार वाक्य असावं : "बाबा सध्या आमच्याजवळ राहत नाहीत." यात खोटं काही नाही आणि पुढचं सांगायची सक्तीही नाही. एखाद्या जिवलग मित्राला त्याला खरं सांगायचं असेल तर सांगू द्या.

अटक मुलाच्या डोळ्यांसमोर झाली असेल, तर त्याला ती घटना पुन्हा पुन्हा सांगू द्या, चित्र काढू द्या, खेळण्यांतल्या पोलिसांबरोबर खेळू द्या. दारावर थाप पडली की ते दचकेल. काही दिवस घरच्यांनी बाहेरून नाव घेऊन हाक मारायची आणि मगच कडी वाजवायची, असं ठरवून घ्या.

शाळेत कोणाला सांगायचं

सगळ्या शाळेला नाही, पण एका माणसाला नक्की. मुख्याध्यापक किंवा वर्गशिक्षिका, ज्यांच्या तोंडावर तुमचा विश्वास आहे त्या. भेटायला जाताना मागणी स्पष्ट ठेवा : फी भरायला थोडी मुदत, भेटीच्या दिवशी गैरहजेरीबद्दल वर्गात प्रश्न नको, सही आणि पालक सभेसाठी आजीचं किंवा मावशीचं नाव नोंदवणं, आणि ही गोष्ट शिक्षकांच्या खोलीत चर्चेला न येणं.

घर बदलल्यामुळे शाळाही बदलावी लागली तर शिक्षण हक्क कायदा २००९ हाताशी ठेवा. सहा ते चौदा वयोगटात वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही मुलाला ताटकळत ठेवता येत नाही. मुलाचा मानसिक छळ करायला हाच कायदा मनाई करतो. बापावरून वर्गात टोमणा मारणं त्यातच येतं.

शिक्षकांना माझी एक कळकळीची विनंती. 'माझे बाबा' हा निबंध देताना फळ्यावर दुसरा विषयही लिहा : 'माझी आवडती व्यक्ती'. आणि वर्गात काही हरवलं तर त्या मुलाच्या दप्तराकडे आधी हात नेऊ नका. एकदा तसं झालं की ते मूल शाळेला येत राहील, पण शाळेचं राहणार नाही.

मोठ्या मुलांवर नजर हवी. मुलगा नववीतच वाशीच्या एपीएमसी मार्केटात हमालीला किंवा रबाळ्याच्या एखाद्या गाळ्यावर कामाला लागतो, मुलगी धाकट्यांना सांभाळायला घरी बसते, किंवा "जबाबदारी उरकून टाकू" म्हणून अठरा वर्षांच्या आधीच तिचं लग्न ठरवलं जातं. बालविवाह हा गुन्हा आहे, तो थांबवायलाही १०९८ च. पण त्याआधी घरात कोणीतरी ठणकावून सांगायला हवं की बापाच्या खटल्याचा खर्च पोरांच्या शाळेतून काढायचा नाही. दर महिन्याला पैसे हातात आले की आधी फी आणि वह्या-पुस्तकं बाजूला काढा, मग वकील, मग कारागृहातल्या कँटीनसाठी पाठवायची मनीऑर्डर. आतून दबाव येतो, रागाचे निरोप येतात. तरी क्रम बदलू नका.

कागदपत्रं आणि पैसे

आपल्या भागात सगळ्यात जास्त हेलपाटे एका गोष्टीमुळे होतात. दिघा-ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतची नवी मुंबई ठाणे जिल्ह्यात आणि ठाणे तालुक्यात येते. खारघर, कळंबोली, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात, आणि तळोजा कारागृहसुद्धा रायगडच्याच हद्दीत. म्हणजे बाप तळोज्यात आणि मूल घणसोलीत असेल, तर मुलाच्या कामासाठी ठाणे जिल्ह्याची बाल कल्याण समिती आणि ठाण्याचा जिल्हा बाल संरक्षण कक्ष. मूल कामोठ्याला आत्याकडे राहत असेल तर रायगडचा. बाप कुठल्या तुरुंगात आहे यावर मुलाचं कार्यालय ठरत नाही, मूल कुठे राहतं यावर ठरतं. हे आधी ओळखलंत तर निम्मी फरफट वाचेल.

पहिला मिळवायचा कागद म्हणजे अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून कारागृहात आहे, असा अधीक्षकांचा दाखला. त्यासाठी लेखी अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. योजनांच्या अर्जाला आणि शाळेत सवलत मागायला तो लागतो. त्याच्यासोबत मुलाचा जन्मदाखला, आधार, शाळेचा बोनाफाईड, शिधापत्रिका, सांभाळणाऱ्याचं आधार आणि मुलाच्या नावाचं बँक पासबुक यांच्या प्रती एका फाइलीत ठेवा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आपले सरकार सेवा केंद्रातून काढता येतो. शिधापत्रिका नवऱ्याच्या नावावर आहे म्हणून अडणाऱ्या बायका भेटतात. अन्न सुरक्षा कायदा २०१३ नुसार शिधापत्रिकेसाठी घरातली सगळ्यात मोठी प्रौढ स्त्रीच कुटुंबप्रमुख धरली जाते. आत असलेल्या माणसाची सही हवी असेल तर कागद वकिलामार्फत किंवा कारागृह कार्यालयातून आत जातो आणि अधीक्षकांच्या साक्षांकनासह परत येतो. वेळ लागतो, म्हणून प्रवेशाच्या मोसमाआधीच पाठवा.

आता पैशांच्या वाटा. 'क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना' ही राज्याची योजना मुलाला घरातच, नात्यातच वाढवता यावं यासाठी आहे. तिच्यात दरमहा २,२५० रुपये मिळतात, वयाची अठरा पूर्ण होईपर्यंत. जन्मठेपेच्या कैद्यांची मुलं तिच्या निकषांत आहेत. खटला सुरू असलेल्यांच्या घरांनीही एक पालक असलेलं, संकटात सापडलेलं कुटुंब म्हणून अर्ज करावा. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून प्रायोजकत्वाचे दरमहा ४,००० रुपये मिळू शकतात, त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये आहे. दोन्हींचा रस्ता जिल्हा बाल संरक्षण कक्षातूनच जातो, समाजसेवक घरी येऊन पाहणी करतात, आणि समितीचा आदेश होतो. कुठली योजना तुमच्या मुलाला बसते हे तिथेच विचारून घ्या.

नवऱ्याला शिक्षा झाली असेल तर बायकोला संजय गांधी निराधार अनुदान योजनेत अर्ज करता येतो. शिक्षा भोगणाऱ्या कैद्याची पत्नी हा त्या योजनेतला स्वतंत्र निकष आहे. दरमहा १,५०० रुपये, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं, अर्ज तहसील कार्यालयात. खटला सुरू असताना हा निकष लागू होत नाही, त्यामुळे एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका.

वकिलाच्या खर्चाने कंबरडं मोडलेल्या घरांसाठी : कोठडीत असलेल्या कुणालाही, आणि उत्पन्न न बघता कुठल्याही स्त्रीला व मुलाला, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार मोफत वकील मिळतो. ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय कोर्ट नाक्याच्या जिल्हा न्यायालयात आहे, रायगडचं अलिबागला. हेल्पलाइन १५१००. जामीन मंजूर होऊनही रक्कम भरता न आल्याने माणूस आत असेल, तर २०२३ पासून सुरू झालेल्या गरीब कैद्यांच्या साहाय्य योजनेबद्दल तिथेच विचारा. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'प्रयास' या प्रकल्पाचे समाजकार्यकर्ते १९९० पासून तुरुंगातल्या लोकांसोबत आणि त्यांच्या घरच्यांसोबत काम करत आले आहेत. कारागृहातल्या कल्याण अधिकाऱ्यांकडे किंवा विधी सेवेच्या कार्यालयात त्यांची चौकशी करा.

मुलाकातीला नेताना

मूल हो म्हणालं आणि न्यायालयाची मनाई नसेल, तर भेट बहुतेक मुलांच्या भल्याचीच असते. मुलाच्या कल्पनेतला तुरुंग खऱ्या तुरुंगापेक्षा कितीतरी भयंकर असतो. बाबा जेवतात, त्यांचे हातपाय धड आहेत, ते आपल्याला विसरलेले नाहीत, हे डोळ्यांनी बघितलं की रात्रीची झोप थोडी परत येते.

पहिल्या भेटीला आधी मोठ्या माणसाने एकट्याने जाऊन यावं. रांग कुठे लागते, नाव कुठे नोंदवतात, मोबाइल आणि पिशवी कुठे ठेवायची, भेट जाळीतून होते की काचेतून, पलीकडचं ऐकू येतं का. ई-प्रिझन्सच्या पोर्टलवर 'ई-मुलाकात'मधून भेटीची आगाऊ नोंदणी करता येते आणि व्हिडिओ भेटही मागता येते. त्यासाठी भेटणाऱ्याचं ओळखपत्र, मोबाइल नंबर आणि कैद्याचं पूर्ण नाव लागतं. मुलाचं आधार किंवा जन्मदाखला सोबत ठेवा. भेटीचे वार कच्च्या कैद्यांचे वेगळे आणि पक्क्यांचे वेगळे असू शकतात, ते खिडकीवर आधी विचारा.

मग मुलाला सगळं क्रमाने सांगा. "ठाण्याहून पनवेल गाडीने खारघरला उतरायचं, तिथून रिक्षा. गेटबाहेर खूप वेळ बसायला लागेल. पोलीस आपली झडती घेतील, तुझीही, घाबरायचं नाही. बाबा काचेपलीकडे असतील, त्यांना हात लावता येणार नाही. वेळ थोडाच मिळेल. बाबा रडतील कदाचित. तू रडलास तरी चालेल." काचेला हात लावून रडणारी मुलं बघवत नाहीत, पण त्या काचेची कल्पना आधी असलेलं मूल आणि अचानक तिच्यासमोर उभं केलेलं मूल यांच्या रडण्यात फरक असतो. पाणी, बिस्किटं, एक गोष्टीचं पुस्तक सोबत घ्या. रांगेत बसण्याचा वेळ भेटीपेक्षा कितीतरी मोठा असतो.

बोलायचं काय हेही आधी ठरवा. मूल तीन गोष्टी सांगेल : शाळेतली एक, मित्राची एक, घरची एक. आतल्या माणसालाही निरोप द्या की त्या वेळात मुलासमोर केस, पैसे, वकील, "तू आता घरातला पुरुष आहेस" असलं काही काढायचं नाही. दहा वर्षांच्या मुलाला घरातला पुरुष करू नये. मोठ्यांचं बोलणं वेगळ्या भेटीला करा.

परतताना मूल गप्प होईल, चिडेल, त्या रात्री अंथरूण ओलं करेल. याचा अर्थ भेट चुकली असा लगेच काढू नका. दोन-तीन दिवसांत घडी बसते का ते बघा.

महाराष्ट्राच्या कारागृहांत 'गळाभेट' नावाचा उपक्रम होतो. त्यात बंद्यांना आपल्या सोळा वर्षांखालच्या मुलांना काचेशिवाय, समोरासमोर जवळ घेता येतं. तुमच्या कारागृहात तो कधी होतो ते कल्याण अधिकाऱ्यांना विचारा, आणि आतल्या माणसाला वेळेत नाव द्यायला सांगा. लहान मुलासाठी काचेपलीकडच्या अनेक भेटींपेक्षा अशी एक भेट मोलाची ठरते.

मधल्या काळात पत्रं. पोस्टाने, चित्रांसह. पाकिटावर कैद्याचं पूर्ण नाव आणि नंबर लिहा. पत्रं तपासली जातात, म्हणून त्यात खटल्याचं काही नको. बाबांच्या पत्राची वाट बघणाऱ्या मुलासाठी बाबांनाही सांगा : चार ओळी चालतील, पण ठरलेल्या आठवड्यात लिहा. कारागृहातून नोंदवलेल्या नंबरवर फोन येत असेल तर शाळेची वेळ टाळून करायला सांगा.

कोर्टात तारखेला बाप भेटतो म्हणून मुलाला आवारात घेऊन जाणारी घरं बरीच आहेत. मी ते टाळायला सांगते. पोलीस व्हॅन, दंडाला धरून नेणारे शिपाई, बापाशी दोन शब्द बोलण्यासाठी चाललेली धडपड, आणि आजकाल बऱ्याचदा बापाची हजेरी व्हिडिओवरच लागते, म्हणजे दिवसभर थांबून दर्शनही नाही.

जेव्हा भेट नको

बापाने मुलालाच इजा केली असेल, आईला मारलं असेल, किंवा मूल त्या खटल्यात साक्षीदार असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. साक्षीदार मुलाशी घटनेबद्दल घरच्यांनी पुन्हा पुन्हा बोलू नये, काय सांगायचं ते शिकवू तर मुळीच नये. भेट, फोन, पत्र यांचा निर्णय न्यायालय किंवा बाल कल्याण समिती यांच्याकडून घ्या. आईचा खून आणि आरोपी बाप, अशा घरातल्या मुलाचे आई-बाप दोघंही एकाच दिवशी जातात. अशा वेळी आईकडचे आणि बापाकडचे लोक मुलाला आपापल्या बाजूला खेचतात. त्या मुलाला दोन्हीकडच्या आजींची गरज असू शकते, आणि तज्ज्ञ समुपदेशकाची तर नक्कीच.

अशा बातम्यांचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरतात. मुलाचं नाव, फोटो, शाळा उघड करणाऱ्या बातमीला बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ आडवं येतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ग्रुपवर कोणीतरी हे लिहावं, आणि फोटो काढायला लावावा.

आई आत असेल तर

बाप आत गेला तर आई बहुतेक वेळा मुलांना धरून राहते. आई आत गेली की घरच विस्कटतं, आणि तिच्या भेटीलाही माणसं कमी जातात. मुलांना आईच्या भेटीला न्यायची जबाबदारी एखाद्या मावशीने किंवा मामाने स्वतःहून अंगावर घ्यावी.

सहा वर्षांखालचं मूल आईजवळ कारागृहात राहू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली आर. डी. उपाध्याय खटल्यात याबद्दल सविस्तर निर्देश दिले : मुलाला कैद्यासारखं वागवायचं नाही, त्याला वेगळा आहार, पाळणाघर, शिक्षण, औषधोपचार मिळाले पाहिजेत, आणि कारागृहात जन्मलेल्याच्या जन्मदाखल्यावर जन्मस्थळ म्हणून तुरुंग लिहायचा नाही. सहाव्या वर्षी मूल बाहेर येतं. ते अचानक होऊ देऊ नका. ज्या घरी ते जाणार त्या आजी-मावशीने काही महिने आधीपासून भेटीला जात राहावं, मुलाशी ओळख वाढवावी. रस्ता, कुत्रं, लोकल, रात्री बंद होणारे दिवे, हे सगळं त्या मुलाला नवं असतं.

अंगावर निघणारं दुःख

लहान मुलं अंथरूण ओलं करतात, पोट दुखतं म्हणतात, तुमचा पदर सोडत नाहीत. मधल्या वयातली मारामारी करतात. मोठी उशिरा घरी यायला लागतात. आणि एक मूल एकदम शहाणं होतं, भांडी घासतं, कुठलाही हट्ट करत नाही. सगळे त्याचं कौतुक करतात. माझी काळजी त्याच्याबद्दल जास्त असते. त्याला हट्ट करायला, खेळायला जागा करून द्या.

जेवण-झोप अनेक आठवडे बिघडलेली असेल, मूल स्वतःला इजा करत असेल किंवा मरणाबद्दल बोलत असेल तर थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा.

रजेवर आणि सुटून आल्यावर

शिक्षा झालेल्या कैद्याला संचित रजा म्हणजे फर्लो आणि अभिवचन रजा म्हणजे पॅरोल मिळू शकते. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परदेशी शिकायला निघालेल्या मुलाला निरोप देता यावा म्हणून एका कैद्याला पॅरोल दिला. दुःख वाटून घ्यायला पॅरोल मिळतो तर आनंद वाटून घ्यायला का नको, असा त्या आदेशाचा आशय होता. मुलाचा प्रवेश, शिक्षणाची व्यवस्था या कारणासाठी अर्ज करायचा असेल तर वकिलाला या निर्णयाची आठवण करून द्या.

रजेवर आलेला बाप परत जातो, आणि मुलाला तेच दुःख दुसऱ्यांदा होतं. म्हणून आल्या दिवशीच जाण्याची तारीख कॅलेंडरवर मुलाच्या हाताने लिहून घ्या. शेवटच्या दिवशी पाहुणे बोलवू नका.

कायमचा सुटून आलेल्या बापाला मूल पहिल्याच दिवशी मिठी मारेलच असं नाही. पाच वर्षांचं सोडून गेलेलं आता अकरा वर्षांचं असतं. बाप हक्काने रागावायला जातो, मूल म्हणतं, "आजीला विचार." यात बापाचा अपमान मानू नये. पहिले काही महिने शाळेतली सही, फीचे पैसे, झोपायची जागा, अभ्यासाची वेळ, सगळं आहे तसं आजी-मावशीकडेच राहू द्या. बापाने आधी शाळेत सोडायला जावं, गेटपर्यंतच. पालक सभेला कोणी यायचं हे मुलाला विचारा, आणि शाळेतल्या नोंदीत नाव त्याच्या उत्तरानंतर बदला.